बेनगाझीतील हिब्रू पाठशाळेचा पुनरुद्धार

उत्तर आफ्रिकेतील महायुद्धाचे इतिहास बहुधा रणगाड्यांच्या हिशेबाने लिहिले गेले आहेत. कोणत्या सेनापतीने कोणते बंदर कोणत्या तारखेस जिंकले आणि किती महिन्यांनी गमावले, याचा तपशील त्या ग्रंथांत इतका काटेकोर असतो की त्या बंदरात त्याच दिवसांत कोणी राहत होते, कोणाची मुले लहानाची मोठी होत होती, याचा वाचकाला सहज विसर पडावा. बेनगाझी हे त्यांपैकीच एक नगर. दोन वर्षांत ते पाच वेळा एका हातातून दुसऱ्या हातात गेले. आणि अखेरच्या हस्तांतरानंतर, भिंती ढासळलेल्या आणि निम्मेअधिक रहिवासी परागंदा झालेल्या त्या नगरात, छावणीतून परतलेल्या यहुदी कुटुंबांनी घरादाराची नीट व्यवस्था लागण्याची वाटही न पाहता मुलांची शाळा पुन्हा सुरू केली. ही हकीकत युद्धाच्या बखरीत एखाद्या ओळीपुरतीच येते. माझ्या मते ती त्याहून पुष्कळ अधिक जागेची अधिकारी आहे.

या समाजाचे त्या किनाऱ्यावरील वास्तव्य फार जुने होते. बेनगाझीचे प्राचीन नाव बेरेनिके. तेथील यहुदी मंडळींनी आपल्या प्रार्थनागृहाच्या दुरुस्तीसाठी देणग्या देणाऱ्यांची नावे कोरून ठेवलेला इसवी सनाच्या पहिल्या शतकातील शिलालेख उपलब्ध आहे. पुढे 115 ते 117 या वर्षांत रोमन सत्तेविरुद्ध झालेल्या भीषण बंडात सायरेनाइकातील, म्हणजे पूर्व लिबियातील, ती वस्ती जवळजवळ नामशेष झाली, आणि कित्येक शतकांनंतर पुन्हा वसली. 1551 पासून 1911 पर्यंत, मधला स्थानिक करामानली घराण्याचा काळ धरून, हा मुलूख उस्मानी सुलतानाच्या नावाने चालला. दुसऱ्या महायुद्धाच्या उंबरठ्यावर संपूर्ण लिबियात सुमारे 30,000 यहुदी होते. त्यांतील बहुसंख्य त्रिपोलीत व तिच्या आसपासच्या गावांत आणि उरलेले बेनगाझी, देर्ना, बार्चे, टोब्रुक अशा पूर्वेकडील नगरांत राहत.

या समाजात शिक्षण नव्हते असे म्हणणाऱ्या युरोपीय प्रवाशांनी शिक्षण या वस्तूची आपली व्याख्या तेवढी बरोबर आणली होती. प्रार्थनागृहालगतच्या खोलीत चटईवर बसलेली मुले, समोर पंतोजी, आणि त्याच्या तोंडून निघालेले धर्मग्रंथाचे वचन एका सुरात उचलून धरणारा तो बालांचा घोष, हे दृश्य शतकानुशतके तेथे अखंड चालू होते. आधी मूळ हिब्रू वचन म्हणावयाचे, मग त्याच चालीत शब्दाशब्दाला त्याचा अरबी अर्थ म्हणावयाचा, आणि दोन्ही मुखोद्गत झाल्यावाचून पुढच्या वचनाकडे वळावयाचे नाही, असा त्या पाठाचा शिरस्ता होता. आपल्याकडील वेदपाठशाळांतील संथा ज्यांनी ऐकली आहे त्यांना या पद्धतीचे गुणही कळतील आणि मर्यादाही. मुलगा तेरा वर्षांचा होईतो प्रार्थना म्हणण्याइतका तयार होई; त्यानंतर तो बापाच्या दुकानी बसे. मुलींना मात्र या खोलीचे दार उघडे नव्हते.

त्या जुन्या विद्येची आणि नव्या जिज्ञासेची सांगड एकाच माणसात पाहावयाची असेल तर मोर्दखाय हाकोहेन यांच्या चरित्राकडे वळावे. 1856 साली त्रिपोलीत जन्मलेला हा गृहस्थ परिस्थितीने गरीब होता; खेडोपाडी फिरून किरकोळ माल विकणे, मुलांना शिकविणे, घड्याळे दुरुस्त करणे असे नाना उद्योग त्याने पोटासाठी केले, आणि त्या पायपिटीत पाहिलेल्या-ऐकलेल्या गोष्टी हिब्रूत टिपून ठेवता ठेवता लिबियातील यहुदी लोकांच्या इतिहासाचा व चालीरीतींचा एक मोठा ग्रंथ सिद्ध केला. 1906 मध्ये नाहुम स्लुश्च हे विद्वान त्या प्रदेशाच्या अभ्यासासाठी आले तेव्हा त्यांचा वाटाड्या हाच. पुढे हाकोहेन बेनगाझीस धर्मन्यायाधीश म्हणून गेले आणि 1929 साली तेथेच वारले. फेरीवाल्याच्या गाठोड्यातून इतिहासकार निघावा अशी ज्या समाजाची विद्येविषयी ओढ, त्याला पुढे शाळा काढण्याची प्रेरणा कोणी बाहेरून आणून दिली असे मानणे मला युक्त वाटत नाही.

युरोपीय धाटणीच्या शाळा मात्र बाहेरूनच आल्या. लिव्होर्नोहून आलेल्या जानेत्तो पाज्जी या यहुदी शिक्षकाने 1876 मध्ये त्रिपोलीत इटालियन शाळा उघडली. योगायोग असा की त्याच्या अगदी आदल्या वर्षी, 1875 साली, मुंबईत हाईम सॅम्युएल केहिमकर यांनी कोकणातून आलेल्या आपल्या बेने इस्राएल बांधवांसाठी शाळा काढली होती. त्रिपोलीचे तत्कालीन हाखाम बाशी, म्हणजे सुलतानाने मान्यता दिलेले मुख्य धर्मगुरू, एलियाहू हझ्झान हे धर्मशिक्षणाबरोबर परभाषाही शिकविल्या पाहिजेत अशा मताचे होते, आणि त्यासाठी त्यांना सनातन्यांचा रोष पत्करावा लागला. 1890 साली पॅरिसच्या आलियान्स इझ्राएलित या संस्थेची शाळा त्रिपोलीत आली. अशा रीतीने एकाच गल्लीत एक मुलगा फ्रेंच शिके, दुसरा इटालियन, तिसरा जुन्या पंतोजीकडे संथा घेई. आणि घरी आल्यावर तिघेही आईशी अरबीत बोलत.

1911 मध्ये इटलीने हा मुलूख बळकावला आणि कालांतराने फॅसिस्ट अंमल आला. आरंभी यहुदी समाजातील सुस्थित वर्गाला इटालियन राज्य अनुकूल वाटले यात शंका नाही. परंतु सरकारी माध्यमिक शाळांत शनिवारी, म्हणजे शब्बाथच्या पवित्र दिवशी, हजेरीची सक्ती होऊ लागली तेव्हा त्या अनुकूलतेची किंमत लोकांना समजली. त्याच सुमारास, 1931 साली, त्रिपोलीतील काही तरुणांनी ‘बेन येहुदा’ नावाची मंडळी स्थापन केली. अर्वाचीन हिब्रू ही बोलीभाषा म्हणून घडविण्यात ज्यांनी आयुष्य वेचले त्या एलिएझेर बेन येहुदांचे नाव घेऊन हे तरुण संध्याकाळचे वर्ग चालवू लागले, आणि त्यांतून ‘हातिक्वा’ ही शाळा उभी राहिली. दिवसभर दुकानात किंवा इटालियन शाळेत घालविलेली मुले, प्रौढ माणसे, आणि विशेष म्हणजे मुली तेथे येऊ लागल्या. पिढ्यान् पिढ्या ज्या भाषेत प्रार्थना ऐकल्या पण वाचल्या नाहीत, त्या भाषेत आता त्या मुली पत्र लिहू लागल्या. लिबियातील यहुदी स्त्रियांच्या इतिहासात या एका घटनेइतकी महत्त्वाची दुसरी घटना मला दिसत नाही, आणि पुढील कथेतही तिचा धागा पुन्हा लागणार आहे.

राज्यकर्त्यांना हे रुचणे शक्य नव्हते. गव्हर्नर इतालो बाल्बो हा यहुद्यांचा द्वेष्टा नव्हता, पण हुकमाच्या बाबतीत करडा होता. 1936 मध्ये त्रिपोलीच्या नव्या भागातील दुकाने शनिवारीही उघडी राहिली पाहिजेत असा त्याने हुकूम सोडला. तो न मानणाऱ्या दोन यहुदी व्यापाऱ्यांना भर चौकात फटके मारण्यात आले. 1938 साली इटलीचे वंशविषयक कायदे जारी झाले आणि सरकारी माध्यमिक शाळांची दारे यहुदी विद्यार्थ्यांना बंद झाली. बाल्बोने त्या कायद्यांची धार आपल्या इलाख्यापुरती बोथट करण्याचा यत्न केला खरा. परंतु 28 जून 1940 रोजी टोब्रुकवर स्वपक्षाच्याच तोफांनी त्याचे विमान पाडले आणि तोही आडोसा गेला. हिब्रू वर्ग तर त्याआधीच बंद पडले होते. म्हणजे युद्धाचा पहिला गोळा सुटण्यापूर्वीच तेथील यहुदी मुलाच्या पुढे शिक्षणाचा जो मार्ग होता तो प्राथमिक इयत्तांपाशी येऊन संपला होता.

मग ते विलक्षण हेलकावे सुरू झाले. फेब्रुवारी 1941 मध्ये ब्रिटिश फौजा बेनगाझीत शिरल्या. यहुदी वस्तीने त्यांचे मनःपूर्वक स्वागत केले, कारण त्या फौजांत पॅलेस्टाइनहून आलेले यहुदी स्वयंसैनिकही होते. एप्रिलमध्ये जर्मन सेनापती रोमेलच्या रेट्याने ब्रिटिश मागे सरले, आणि ज्यांनी स्वागत केले होते त्यांची दुकाने लुटली गेली. डिसेंबरच्या अखेरीस ब्रिटिश पुन्हा आले; जानेवारी 1942 संपण्यापूर्वी पुन्हा गेले. या रणांगणात मराठी माणसेही होती. पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीची दुसरी पलटण जून 1942 मध्ये टोब्रुक पडले तेव्हा तेथे होती, आणि त्या पराभवात पकडलेले हिंदी सैनिक बेनगाझीच्या तारेच्या कुंपणांतून पुढे इटलीला रवाना झाले. नेमक्या त्याच उन्हाळ्यात त्याच नगरातून आणखी एका लोकसमूहाची रवानगी चालू होती, आणि त्यांच्या अंगावर कोणताही गणवेश नव्हता.

दोनदा शत्रूचे स्वागत केल्याचा राग मनात धरून मुसोलिनीने फेब्रुवारी 1942 मध्ये सायरेनाइकातील यहुद्यांना तेथून हलविण्याचा हुकूम काढला होता. फ्रेंच प्रजाजन असलेल्यांना ट्यूनिशियाकडे आणि ब्रिटिश प्रजाजन असलेल्यांना इटलीकडे धाडले गेले; या दुसऱ्या गटातील कित्येक पुढे जर्मनीतील बेर्गेन-बेल्झेनच्या छळछावणीपर्यंत पोचले. उरलेल्या सुमारे 2,600 जणांना मालमोटारींत कोंबून, दिवसच्या दिवस वाळवंटातून प्रवास घडवून, त्रिपोलीच्या नैऋत्येस नफुसा पर्वतावरील जादो येथे नेण्यात आले. जुन्या लष्करी बराकी, भोवती काटेरी तार, माणशी रोजचा पाव शंभर-दीडशे ग्रॅम, पाण्याची टंचाई आणि उवांचा सुकाळ. त्या वर्षाच्या अखेरीस प्रलापक ज्वराची साथ भडकली. जानेवारी 1943 मध्ये ब्रिटिश सैन्य येऊन पोचले तोपर्यंत 562 माणसे मेली होती. जवळजवळ दर पाच जणांतला एक. मेलेल्यांत म्हाताऱ्यांचा आणि मुलांचा भरणा अधिक होता हे वेगळे सांगावयास नको.

जे वाचले ते लगेच परतू शकले नाहीत. साथीमुळे त्यांना काही काळ तेथेच अडकावे लागले, आणि नंतर 1943 च्या सबंध वर्षात ते थोडेथोडे करून बेनगाझीस आले. नोव्हेंबर 1942 मध्ये ब्रिटिशांनी ते नगर अखेरचे जिंकले होते, पण बाँबवर्षावाने त्याची दैना झाली होती. कित्येकांच्या घरांची छपरे गेली होती, कित्येकांच्या घरांत दुसरे राहत होते. या विपन्न स्थितीत त्यांना बंदरावर तैनात असलेल्या पॅलेस्टाइनी यहुदी कंपन्यांचा आधार मिळाला.

या सैनिकांविषयी एक गैरसमज वारंवार आढळतो, तो दूर करणे इष्ट आहे. पुढे प्रसिद्धी पावलेली ‘ज्यूइश ब्रिगेड’ 1944 च्या सप्टेंबरात उभी राहिली आणि इटलीत लढली. बेनगाझीतील हे लोक त्यापूर्वीचे. ब्रिटिश सैन्याच्या रसदवाहतूक, स्थापत्य, पाणीपुरवठा अशा खात्यांतील कंपन्यांत ते नोकरीस होते, आणि त्यांचे काम पेट्रोलचे डबे वाहणे, रस्ते दुरुस्त करणे, बंदरातील माल उतरविणे हे होते. परंतु मालमोटार हाकणाऱ्या या मंडळींत कित्येक पूर्वाश्रमीचे शिक्षक होते, युवकसंघटनांचे चालक होते, जर्मनी-पोलंडमधून निसटून आलेले विद्यापीठाचे विद्यार्थी होते. त्यांतील अनेकांना युरोपातील आईबापांची पत्रे येणे कधीचेच बंद झाले होते, आणि त्या बंद झालेल्या पत्रांचा अर्थ त्यांना पुरता ठाऊक नव्हता. जादोहून आलेली माणसे म्हणजे काटेरी तारेतून जिवंत सुटलेले यहुदी. असे लोक त्यांतील बहुतेकांनी प्रथमच डोळ्यांनी पाहिले. त्या मुलांकडे पाहताना त्या सैनिकांच्या मनात काय उठले असेल याची कल्पना वाचकाने करावी.

त्यांनी आपल्या शिध्यातून अन्न वाचवून दिले, औषधे मिळविली, घरे डागडुजीस घेतली; आणि शाळा उघडली. सैनिकच पहिले शिक्षक झाले. कामाच्या पाळीतून मोकळे झाले की खाकी गणवेशातच ते वर्गावर उभे राहत. मुलांना दीड-दोन वर्षे अक्षराचे दर्शन नव्हते. कित्येकांना अरबी व थोडी इटालियन एवढेच येई. शिक्षकांना अरबी फारशी येत नव्हती. त्यामुळे हिब्रू ही हिब्रूतूनच शिकविण्याची नवी पद्धत तेथे तत्त्व म्हणून जितकी आली तितकीच नाइलाज म्हणूनही आली. वस्तू दाखवावी, नाव सांगावे, कृती करावी, क्रियापद म्हणवून घ्यावे, गाण्याच्या चालीवर वाक्ये बसवावीत, असा पाठ चाले. मुले झपाट्याने शिकली, आणि त्याचे श्रेय केवळ पद्धतीला देऊन चालणार नाही. ज्या जुन्या पंतोजींच्या घोकंपट्टीची नव्या शिक्षकांना कीव येई, तिनेच त्या मुलांच्या कानांत हजारो हिब्रू शब्द पेरून ठेवले होते. प्रार्थनेत ऐकलेला शब्द आता पाणी मागताना कामी येतो हे कळताच भाषा त्यांच्या जिभेवर उभी राहिली. जुन्या पाठशाळेचे हे ऋण सैनिकांच्या आठवणींतून क्वचितच मान्य झालेले दिसते. ते मान्य केले पाहिजे.

त्रिपोलीतही, 23 जानेवारी 1943 रोजी नगर ब्रिटिशांच्या हाती आल्यावर, हीच चळवळ मोठ्या प्रमाणावर सुरू झाली. तेथे बेन येहुदा मंडळींचे जुने कार्यकर्ते हयात होते. फॅसिस्ट अमलात दडवून ठेवलेली त्यांची उमेद आणि सैनिकांचे साह्य यांच्या संयोगाने हिब्रू शिक्षण पुन्हा उभे राहिले. लष्करी धर्मगुरू म्हणून त्या आघाडीवर वावरणाऱ्यांत एफ्राइम उर्बाख होते, जे पुढे तालमूदचे थोर पंडित म्हणून जगन्मान्य झाले. त्यांची युद्धकालीन रोजनिशी आज छापील रूपात उपलब्ध आहे. सैनिकांची बदली केव्हा होईल याचा नेम नसल्याने स्थानिक शिक्षक तयार करणे निकडीचे होते, आणि येथे दहा वर्षांपूर्वीच्या त्या संध्याकाळच्या वर्गांचे फळ हाती आले. ज्या मुली तेथे हिब्रू शिकल्या होत्या त्याच आता फळ्यापाशी उभ्या राहिल्या. ज्यांच्या आज्यांना वर्गाच्या दारातून आत पाऊल टाकता आले नव्हते त्या तरुणी मुलग्यांना शिकवू लागल्या, आणि समाजातील वडीलधाऱ्यांनी, काहीशा कुरकुरीनंतर का होईना, ते मान्य केले.

ब्रिटिश लष्करी प्रशासनाची वृत्ती या बाबतीत संमिश्र होती. समाजाने आपली शाळा चालवावी याला त्यांची हरकत नव्हती. किंबहुना विस्कटलेल्या नगरात मुले रस्त्यावर न राहता वर्गात बसावीत हे त्यांच्या सोयीचेच होते. परंतु सैनिकांनी शिक्षक व्हावे, आणि त्यातून पॅलेस्टाइनचे राजकारण लिबियात यावे, हे त्यांना खपण्यासारखे नव्हते. अरब लोकमताचीही त्यांना धास्ती होती. ही धास्ती अगदीच निराधार होती असे म्हणता येणार नाही. शाळेत भूगोल शिकविला जाई तो बहुधा जॉर्डन नदीचा. उत्सवगीते असत ती गॅलिलीच्या शेतांची. सैनिक-शिक्षकांच्या मनात ही मुले उद्या तेथे जाणार हे गृहीत होते, आणि ते त्यांनी लपविलेही नाही.

त्या सैनिकांपैकी सगळेच आपले काम पुरे करू शकले नाहीत. एकेक कंपनी इटलीच्या स्वारीसाठी पुढे हलू लागली. 1 मे 1943 रोजी माल्टाकडे निघालेले ‘एरिनपुरा’ हे जहाज जर्मन विमानांनी बुडविले, त्यात 462 क्रमांकाच्या वाहतूक कंपनीचे 140 यहुदी सैनिक समुद्रात गेले. ते जहाज ब्रिटिश इंडिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनीचे, त्याचे नाव राजपुतान्यातील एका छावणीगावाचे, आणि त्यावरील खलाशांत हिंदी लोक होते. त्यांनाही तीच जलसमाधी मिळाली.

पुढचा भाग थोडक्यात सांगता येतो, पण तो सांगणे क्लेशकारक आहे. 4 नोव्हेंबर 1945 रोजी त्रिपोलीत यहुद्यांवर हल्ले सुरू झाले. ते आसपासच्या गावांत पसरले, आणि ब्रिटिश सैन्य राजधानीत असूनही तीन-चार दिवस चालले. 130 हून अधिक माणसे मारली गेली, त्यांत मुलेही होती. प्रार्थनागृहे जाळली गेली. अरब शेजाऱ्यांनी आपल्या घरांत आसरा देऊन वाचविलेले लोकही होते, हे इतिहासाने नोंदले आहे आणि येथेही नोंदले पाहिजे. जून 1948 मध्ये पुन्हा रक्तपात झाला. 1949 च्या आरंभी ब्रिटिशांनी देशांतराला परवानगी दिली, आणि 24 डिसेंबर 1951 रोजी लिबिया स्वतंत्र होईपर्यंत तीस हजारांहून अधिक यहुदी जहाजांनी हैफाकडे निघून गेले. बेनगाझीची शाळा ज्या मुलांसाठी उघडली होती ती मुले त्यांत होती.

तेव्हा त्या शाळेचे मूल्यमापन कसे करावे? तिने मुलांना जन्मभूमीपासून तोडले असा आक्षेप काहींनी घेतला आहे. मला तो न्याय्य वाटत नाही. ज्या मुलांना मालमोटारीत घालून जादोला नेले त्यांचे त्या भूमीशी असलेले नाते शाळेने तोडले नव्हते. ते तोडणारे हुकूम रोममध्ये निघाले होते, आणि उरलेसुरले 1945 च्या जमावांनी पुरे केले. शाळेने एवढेच केले की जाण्याची वेळ आली तेव्हा मुले निरक्षर आणि मुकी गेली नाहीत. नव्या देशात उतरताना त्यांना तेथील भाषा येत होती, आणि कित्येक घरांत आईबापांसाठी कचेरीतील अर्ज वाचून दाखविण्याचे काम दहा-बारा वर्षांच्या मुलीने केले. या श्रेयाचे वाटेकरी खाकी गणवेशातील ते सैनिक आहेतच. परंतु पहिला मान मी त्या आईबापांना देतो, ज्यांनी स्वतःच्या डोक्यावर छप्पर नसताना मुलाला सकाळी तोंड धुऊन वर्गात पाठविले.

त्रिपोलीत मागे राहिलेल्यांची शिक्षणसंस्था आणखी काही वर्षे टिकली. 1890 पासून चालत आलेली आलियान्सची शाळा 1960 साली सरकारी हुकमाने बंद झाली, आणि 1967 च्या जूनमधील दंगलीनंतर उरलेल्या यहुद्यांपैकी बहुतेक सगळे इटलीस निघून गेले. त्यानंतर लिबियात यहुदी मुलांची शाळा राहिली नाही.